वाडीवरच्या विहिरीचा ओला काठ

आबा,

कचेरीत मी लिहून दिलं आहे की तुमच्या विहिरींच्या यादीत एकही चूक सापडणार नाही. ते खरं नाही. एक चूक आहे, नवव्या ओळीत, आणि ती तुमची नाही, माझी आहे. चैत्रात त्या कचेरीतले नवे ओव्हरसिअर, विहिरींची बांधकामं बघणारे, आपल्या घरी आले होते. भला माणूस, पायताण दाराबाहेर काढून आत आला आणि आईने दिलेलं ताक उभ्यानेच प्यायला. कुठल्या विहिरीचा झरा उन्हाळ्यात जिवंत असतो हे मावळात तुमच्याशिवाय कुणी लिहून ठेवलेलं नाही, असं त्यांना गावोगाव ऐकायला मिळालं होतं. त्यांना तुमची वही हवी होती. वही द्यायला माझा जीव होईना, म्हणून मी रात्री बसून तिची स्वच्छ नक्कल केली. अकरा विहिरी, अकरा ओळी. आणि खाली, कुणी विचारलं नसताना, ते एक वाक्य घातलं. त्यांनी ते वाचलं आणि कागद घडी घालत म्हणाले, "बरं झालं. मग मला प्रत्येक ठिकाणी चढून बघायचं कारण नाही." मी हसून मान हलवली. ज्या दोन विहिरींपुढे 'निजलेली' असं लिहिलं आहे, त्यांचे दगड काढून खालच्या गावांतल्या विहिरींचे कठडे बांधायचे आणि खड्डे बुजवून टाकायचे, असं ठरलं आहे. एक तिकोणा पेठेची. दुसरी कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीची. वैशाखी पौर्णिमा झाली की गवंडी जाणार.

पेठेच्या विहिरीबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती तुम्ही स्वतः तीन वर्षं मोजली होती. वाडीची मी मोजली होती, एकदाच, अकरा वर्षांची असताना.

हे सगळं तुम्हाला माहीत असलेलंच मी सांगते आहे, पण क्रमाने सांगितलं नाही तर मधलं काहीतरी मी गाळीन, अशी मला भीती वाटते. रेल्वेच्या शेडातलं फिटरचं काम सोडून तुम्ही खंडाळ्याच्या एका बंगल्यातलं बागेला पाणी देणारं जुनं इंजिन आणलंत, तेव्हा मी सहा वर्षांची असेन. ते रॉकेलवर चालायचं आणि सुरू होताना इतकं खोकायचं की तुम्ही त्याचं नाव म्हातारी ठेवलं. म्हातारी बैलगाडीत, तिची रबरी सोंड गुंडाळून तिच्या मांडीवर, मागे रॉकेलचे डबे आणि डब्यांवर मी, अशी आपली चैत्र-वैशाखातली वरात निघायची. एका गावी पोचायचं, सोंड विहिरीत सोडायची, दुपारपर्यंत पाणी उपसून टाकायचं, मग गावच्या माणसांनी खाली उतरून गाळ काढायचा. पूर्वी ज्याला दोन-तीन दिवस हातांनी उपसावं लागायचं ते म्हातारी अर्ध्या दिवसात करायची. पण रॉकेल काही हवं तेवढं मिळत नसे. म्हणून तुम्ही यादी केली होती. गाळ काढलेली विहीर रात्रभर तशीच ठेवायची आणि उजाडता उजाडता, कुणी हंडा बुडवायच्या आधी, दोरी सोडून पाणी किती चढलं ते बघायचं. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी. चार गाठी चढलं तर झरा जिवंत, तिला पुढच्या वर्षी रॉकेल. चारच्या खाली राहिलं तर तिच्यापुढे 'निजलेली' लिहायचं आणि म्हातारीला तिथे न्यायचं नाही. मेलेली असा शब्द तुम्ही कधी लिहू दिला नाहीत. "इहीर मरत न्हाई," तुम्ही म्हणायचात, "निजती. आपल्याला जागी करायला जमंना, यवढंच."

माझी पहिली शाळा तीच. सरकारी शाळेत मी नंतर गेले, पण अक्षरं मला तुम्ही चुलीपुढे शिकवलीत. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून माझ्या पाटीवर यादीतल्या गावाचं नाव, 'भाजे', लिहिता, मी त्याखाली 'भाजे' लिहिते. तुमच्या सदऱ्याला रॉकेलचा वास येतो आणि आई म्हणते, "त्यो सदरा भायेर टांगा. भाकरीला वास लागतुया." तुम्ही म्हणता, "लागू दे. हितल्या भाकरीला हाच वास." मग कुरवंडे. त्यातला 'वं' मला जमेना, तेव्हा तुम्ही आईला विचारलंत की हिला भाकरी द्यायची का थांबायचं, आणि आईने तुमच्याकडे न बघताच मला भाकरी वाढली. आकडे मी दोरीवर शिकले. ओल्या दोरीवर, कारण कोरडी दोरी पाण्यात गेली की आखडते आणि गाठी जवळ येतात. मोजायच्या आधी ती बादलीत भिजवून ठेवायची हे तुम्ही मला वाचायला यायच्या आधी सांगितलं होतं.

मी नऊ वर्षांची झाले तेव्हा तुम्ही मला ती जांभळी कॉपिंग पेन्सिल दिलीत. शेडात साहेब लोक वापरायचे तसली, टोक जिभेला लावलं की शाईसारखी उमटणारी. "ही पुसत न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्हनून आधी इचार, मग टोक वलं कर." त्या दिवसापासून वही माझ्या हातात आली. सगळा उन्हाळा माझी जीभ जांभळी असायची. आई शेजारणींना सांगायची, पोरगी जांभळं खाती चैतातच.

भाज्याला तुम्ही मला बोललात तो दिवसही मला इथे लिहिला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. दहा वर्षांची होते. सकाळी विहिरीवर गेले, दोरी सोडली, तीन गाठी, वहीत तीन लिहिले. तुम्ही मागून आलात आणि वही बघितलीच नाही, काठाकडे बघितलंत. एका बाजूला काठ ओला होता, हंडा ठेवल्याची गोल खूण होती. "काठ वला दिसतुया ना?" "व्हय." "मग कुनीतरी पानी नेलंय. मग मोजलं कशापायी?" तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही गाडी सोडायला सांगितली, बैल परत झाडाखाली बांधले, विहीर पुन्हा उपसलीत आणि आपण भाज्याला आणखी एक दिवस राहिलो. गावचे एक आजोबा गोठ्यातून बघत होते. ते म्हणाले, "काय रं, पोरीच्या एका आकड्यापायी दिस घालवतुयास?" तुम्ही म्हणालात, "आकडा पोरीचा न्हाई भाऊ, तुमच्या इहिरीचा हाय." दुसऱ्या दिवशी पाच गाठी निघाल्या. परत येताना गाडीत मी रडत होते आणि तुम्ही मला सोंडेवर डोकं ठेवून निजायला सांगितलंत. तुमच्या मनातून ते तेव्हाच गेलं असेल. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहिली, की मी चुकले की सगळ्यांचा एक दिवस जातो.

त्याच्या पुढच्या वर्षी वाडी. गाडी वर जात नाही, तेव्हा वाडीतल्या आठ जणांनी म्हातारीला बांबूंना बांधून खांद्यावर चढवली. अर्ध्या चढावर ते थांबले की तुम्ही त्यांना तंबाखू द्यायचात. विहीर लहान, खडकात खोदलेली, वर दगडांचा काठ, आणि तळाला एक माणूस जेमतेम उभा राहील एवढंच कुंड. इंजिन सुरू झालं, खोकलं आणि बंद पडलं, आणि तुम्ही ओरडलात, "अरं, म्हातारीला पानी पाजा, तापली ती." समोरच्या झोपडीतून तिथली आजी बाहेर आली. "मी कशाला तापतीया? धडधाकट हाय मी." सगळी वाडी हसली. तुम्ही कान पकडून तिच्या पाया पडलात आणि तेव्हापासून ती तुम्हाला पोरा म्हणायला लागली. दुपार कलताना गाळ निघाला, आणि तेवढ्यात म्हातारीचा पट्टा तुटला. उजेड असेतो खाली लोणावळ्याला पोचून दुसऱ्या दिवशी नवा पट्टा घेऊन यायचं तुम्ही ठरवलंत. मला आजीकडे ठेवलंत. दोरी बादलीत भिजत घातलीत. निघताना मागे वळून म्हणालात, "सकाळी तू मोज. तुला येतंय."

तुला येतंय. तुम्ही स्वतः पुन्हा बघायला न येता माझ्या एकटीवर सोपवलेलं ते पहिलं मोजणं.

आजीने नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी दिली, गोधडी घातली, आणि मी निजले ती ऊन दारात आल्यावर जागी झाले. मी धावत गेले. विहिरीवर कुणी नव्हतं. काठ सगळा ओला होता, एकाही बाजूला कोरडा दगड नव्हता. उंबराखालच्या शेंदराच्या देवावर पाणी घातलेलं होतं आणि तिथून वाडीपर्यंत वाटेवर थेंबांची रेघ होती. मी हे सगळं बघितलं. बघितलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही. मी दोरी सोडली. दोन गाठी. मी वर बसून राहिले. आता कुणाला विचारलं, किती हंडे नेले, तर मी उशिरा उठले हे कळेल. कळलं तर म्हातारी आणि आठ माणसं आणि तुम्ही, सगळे आणखी एक दिवस. मी पेन्सिल जिभेला लावली आणि दोन लिहिले.

तुम्ही उन्हं चढल्यावर आलात, पट्टा खांद्यावर टाकून. वही बघितलीत, विहिरीकडे बघितलंत. तोवर काठ वाळून पांढरा झाला होता. "काठ कोरडा व्हता?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. आबा, त्यानंतर मी इतक्यांदा स्वतःला समजावलं आहे की मी लहान होते. पण त्या वेळी मला नीट कळत होतं की मी काय करते आहे. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि माझ्या दोनच्या पुढे स्वतःच्या हाताने 'निजलेली' लिहिलंत.

पुढच्या चैत्रात लोणावळ्याच्या बाजारात ती आजी करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तिने तुमचा हातच धरला. "पोरा, औंदा म्हातारीला कवा आनतुयास?" तुम्ही खाली बसून तिला समजावलंत की रॉकेल कमी आहे, झरा निजलाय. ती म्हणाली, "पानी हाय रं. आमी पितूया ना, आमाला म्हाईत." आणि तुम्ही, ज्यांनी भाज्याला एका ओल्या खुणेसाठी दिवस घालवला, ते तुम्ही तिला म्हणालात, "आजी, माझ्या लेकीनं मोजलंय. तिचं चुकत न्हाई." मी तुमच्या शेजारी उभी होते. आजीने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि माझ्या ओंजळीत करवंदं घातली. वाटेत मी ती एकेक करून टाकून दिली.

दोन वर्षांनी तुम्ही अंथरुणाला खिळलात. छाती भरली होती, बोलताना थांबावं लागत होतं. एका दुपारी तुम्ही मला यादी वाचायला सांगितलीत, वर्षभरात कुठे जायचं राहिलं ते बघायला. मी उशाशी बसून वाचते आहे. पहिली, जिवंत. दुसरी, जिवंत. प्रत्येकीला तुम्ही डोळे मिटून मान हलवता, जणू ती समोरून चालत गेली. नवव्या ओळीशी मी थांबले. तुम्ही डोळे उघडलेत. त्या वेळी मी सांगू शकले असते. तुम्ही म्हणालात, "निजली ती, बाय. फुडं वाच." मी पुढे वाचलं. तुमची झोप मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण तुम्ही जागे होता.

गेल्या रविवारी मी वाडीवर गेले. शाळेला सुट्टी आहे. मी आता मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवते, तुमच्यासारखीच गावांच्या नावांनी. आजी कधीच गेली. तिची सून विहिरीशेजारी लाकडं रचत होती. विहीर गाळाने अर्धी भरली आहे, वर हिरवं पाणी, त्यात पानं. बायका खाली नाल्यावर जातात, दिवसाला तीन खेपा, चढ उन्हातला. मला बघून ती म्हणाली, "तू इंजिनवाल्याची लेक ना? तोंडावळा त्योच." मी म्हणाले, "हो मावशी." "लय भला मानूस. आमची सासू मरस्तवर त्याचं नाव काढायची. एकदोन वरसं आमी हातानं उपशिली. मग बाप्ये रेल्वेच्या कामावर जाऊ लागले, गाळ कोन काढनार? तुझा बा म्हनला निजली, आमी म्हनलं निजू दे." ती हसली. मग मी विचारलं, जे तेरा वर्षांपूर्वी विचारायचं होतं, की विहीर साफ झाल्यावर पहिल्या सकाळी काय करतात. "पयलं पानी देवाचं," ती म्हणाली. "घरटी एक हांडा. उजाडायच्या आत. देवावर वाईच वतायचं आन् बाकीचं घरला न्यायचं." "तेव्हा घरं किती होती?" तिने बोटांवर मोजली, सासूच्या वेळची, आता ओस पडलेली सुद्धा. "ईस. ईसच."

घरी येऊन मी मागच्या दारी खडूने त्या कुंडाएवढं रिंगण आखलं आणि वीस हंड्यांचा अदमास घेतला. दोन गाठींचं पाणी होतं. माझ्या दोन आणि त्या दोन. आखणी चुकलेली असू शकते, कुंड मला लहानपणी दिसलं तेवढंच आठवतं. पण चार होतात, आबा.

वाडीवरून निघताना मावशीला मी म्हणाले होते की विहीर परत उपसायची आहे. ती म्हणाली, "तू म्हनशील तर उपसू. बाप्ये हायेत आता वाडीत. पर आत्ताच का गं?" मी म्हणाले, कचेरीला आकडा हवा आहे. परत तेच. खरं आहे, पण पुरतं नाही. म्हातारी आपल्या छपरात गंजून पडली आहे आणि लढाईमुळे रॉकेल चिठ्ठीवर मिळतं, दिव्यापुरतं. म्हणून हातांनीच उपसायचं. सोमवारी सुरू करायचं ठरलं आहे, गाळासकट तीन दिवस, बुधवारी सांजेपर्यंत तळ दिसेल. तुमची दोरी आईने परसात कपडे वाळत घालायला बांधली होती. मी ती सोडायला लागले तशी ती म्हणाली, "आता लुगडी कुटं वाळवू?" मग गाठी बघून तिने दुसरं टोक स्वतःच सोडलं. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही, पण दोरी भिजत घालायला बादली तिनेच पुढे केली. गाठींमधलं अंतर मी वितीने तपासून घेतलं, माझ्या नाही, तिच्या. तिची वीत तुमच्या जवळपास आहे.

वाडीतल्या बायकांना त्या पहाटे हंडे थांबवायला सांगावं लागेल. देवाचं पाणी आहे, का थांबायचं ते सांगितल्याशिवाय त्या थांबणार नाहीत, आणि थांबू नयेही. तेव्हा बुधवारी सांजेला सगळ्या विहिरीवर असताना मला ते सगळं बोलावं लागेल, वीस हंडे, ओला काठ आणि माझं 'व्हय'. काय शब्द वापरायचे ते मी चार वेळा लिहून काढलं आणि फाडलं. कचेरीतली नक्कल दुरुस्त करायची आहे ती वेगळीच. तीही मी त्याच पेन्सिलीने लिहिली आहे आणि जांभळं पुसत नाही, म्हणून नवव्या ओळीच्या बाजूला नवा आकडा घालून खाली मी केलेली चूक लिहीन आणि 'एकही चूक सापडणार नाही' हे वाक्य खोडीन.

हे पत्र मी कुठे धाडणार. वहीत ठेवीन, नवव्या ओळीशी. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. चार गाठी चढल्या तर वाडीची विहीर वाचेल, आणि मग मला कळेल की इतकी वर्षं त्या बायका माझ्या एका शब्दामुळे नाल्यावर गेल्या. दोनच चढल्या तर विहीर जाईल, पण माझं तेव्हाचं मोजणं खरं ठरेल. आबा, मला चार हव्या आहेत. तरी मनाच्या एका कोपऱ्यात मी दोनचीही वाट बघते आहे. ते जात नाही. ते तसंच बरोबर घेऊन मी चढणार आहे.

या वेळी आजीच्या घरात नाही, विहिरीच्या काठालाच पाठ लावून निजेन, म्हणजे पहिला हंडा माझ्यावरूनच जाईल. पाणी बघायचं ते गुरुवारी, वैशाख शुद्ध नवमीला, उजाडताना, काठ कोरडा असताना.